नागीच्या लग्नाचा फोटो

कुंभकोणम्
ता. ४ मे १९३९

सरस्वतीस,

आशीर्वाद लिहावेत की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. चार वर्षांनी तुझं कार्ड आलं आणि त्यात खुशालीची एक ओळ नाही. पुण्यात कुठल्याशा सुधारकांच्या व्याख्यानाला गेलीस, पडद्यावर दिव्याने चित्रं दाखवत होते, आणि 'मद्रास इलाख्यातील बालवधू' म्हणून तूच पडद्यावर आलीस. आठ हात उंच. शेजारची बाई म्हणाली, 'अगंबाई, किती गोड!' आणि तू उठून बाहेर गेलीस. खाली एवढंच: 'हे चित्र कुणी दिलं?'

मी दिलं. दुसरं कोण देणार? कुंभकोणातले बाकीचे फोटोवाले लग्नाचे फोटो लग्नघरी देतात, विडा चघळतात आणि घरी जाऊन झोपतात. मी एक शहाणा, जो एक प्रत जास्त काढून मद्रासच्या साप्ताहिकाला पाठवतो. छापायचं ते माझ्या नावाशिवाय. गेली सतरा वर्षं हेच करतो आहे. तुझा बाप लग्नमुंजींवर पोट भरतो हे तुला ठाऊक होतं. हा दुसरा धंदा ठाऊक नव्हता, तो आता पडद्यावरच कळला.

चिडू नकोस, आधी ऐक. स्टेशनवरच्या फराळाच्या खोलीचा फोटो मी काढला. दारावर 'ब्राह्मणांसाठी' अशी पाटी, आणि पाटीखाली एक म्हातारी ओंजळ धरून उभी, आतला माणूस तीन हातांवरून पाणी ओततोय, निम्मं तिच्या लुगड्यावर. कावेरीच्या घाटावर न्हाव्यासमोर बसलेली सोळा वर्षांची पोर मी काढली, पाठीमागून, मांडीवर पडलेल्या केसांसकट. असे दोनशे तरी फोटो असतील. आणि छापून काय आलं? देवळाचा हत्ती. बारा वर्षांनी येणाऱ्या महामखाच्या स्नानाची गर्दी. नाचियार्कोविलच्या पितळी समया, त्यांची मात्र चार पानं.

संपादक गुरुमूर्ति म्हणून आहे. जिभेवर साखर. 'राव,' मला म्हणाला, 'वाचक सकाळी कॉफी पिताना अंक उघडतो. त्याला ओकारी आणू नका.' त्याला ओकारी येऊ नये म्हणून सतरा वर्षं ती माझ्या घशाशी आहे.

तुझ्या फोटोचंही तसंच झालं. सन तीसचा मार्च तुला काय आठवणार, नऊ वर्षांची होतीस. एक एप्रिलपासून बालविवाहाला बंदीचा कायदा लागू व्हायचा होता, आणि त्याच्या आत उरकून घ्यायला सारं गाव पिसाळलं होतं. आपल्या एका गल्लीत एका दिवसात सात लग्नं. भटजी पळत होते, नादस्वरवाले बसल्या बसल्या घोरत होते, नवऱ्या बापाच्या मांडीवर झोपून गेलेल्या. मी सगळं काढलं. त्यातच तुझंही झालं. आजी हटून बसली, थोरल्या काकांनी स्थळ आणलं, तुझी आई असती तर काही बोलली असती, पण ती नव्हती. मी कॅमेऱ्यामागे होतो.

मी सात चित्रं पाठवली. म्हटलं, आता बघू कोणाच्या घशाखाली कॉफी उतरते. त्या गुरुमूर्तीने नेमकं तुझं निवडलं आणि बायकांच्या पानावर, साबणाच्या जाहिरातीशेजारी, 'कावेरीकाठची चिमुकली लक्ष्मी' असं लिहून छापलं. पुढच्या आठवड्यात लोक ते पान कापून माझ्याकडे आले. 'आमच्या पोरीचाही अस्साच काढा.' थू! मी पाठवलं एक आणि त्यांनी केलं एक. तेच चित्र फिरत फिरत तुझ्या पुण्याच्या सुधारकांच्या हाती लागलं असणार. मी काय करणार?

आणि तू घर सोडून गेलीस त्या दिवशी मी गावात नव्हतो. नाचियार्कोविलला समयांचे फोटो काढत होतो. हे तुला कुणी सांगितलं असेलच.

पण ह्या वेळी तसं होणार नाही. आपल्या जानकीरामची नागी, नागलक्ष्मी, तू गेलीस तेव्हा सहा वर्षांची होती, तुझा परकर धरून 'आत्या, आत्या' करत हिंडायची. आता दहाची झाली. तुझ्या थोरल्या काकांनी नातीचं लग्न ठरवलंय, दोन जूनला, कारैकालला. ते फ्रेंचांचं गाव, तिथे इंग्रजांचा कायदा पोचत नाही. आमचे धर्मनिष्ठ लोक काशीला जाणार नाहीत इतक्या भक्तीने हल्ली कारैकालला जातात. फोटो काढायला मलाच सांगितलं आहे. गाडीत चढण्यापासून सप्तपदीपर्यंत एकेक पायरी काढतो. मग गुरुमूर्तीला छापावंच लागेल.

उत्तर लिही. तुमच्या पुण्याचे लोक आपल्या तंजावरी मराठीला हसतात म्हणतात. हसू देत. तुझी बदलली असली तरी मला कळेल.

अप्पा

---

कुंभकोणम्
ता. १६ मे १९३९

सरस्वती,

कार्ड मिळालं. 'फोटो काढू नका. लग्न मोडा.' संपलं. सहीआधी 'आपली' सुद्धा नाही. तारवाल्याने शब्द मोजून घेतले असते तरी याहून जास्त लिहिलं असतंस.

मोडा म्हणे! लग्न म्हणजे काय पापड आहे? तिकडे पुण्यात वसतिगृहाच्या खाटेवर बसून हुकूम सोडायला काय जातं! ज्याचं जळतं त्याला कळतं. मी अण्णाच्या, तुझ्या थोरल्या काकांच्या, घरात राहतो. माझं दुकान त्याच्या तिण्णैवर, त्याच्या ओट्यावर. माझा डबा त्याच्या स्वयंपाकघरातून येतो. त्याच्या नातीचं लग्न मी मोडायचं?

तरी गेलो होतो मी वकिलाकडे, उगीच बसून नाही राहिलो. गेल्या साली कायद्यात दुरुस्ती झाली, कोर्टातून आधीच मनाई आणता येते. वकील पान लावत म्हणाला, 'आणा की. पण तुम्ही अर्ज दिल्याचं दुपारपर्यंत त्यांना कळेल. चारच्या गाडीने ते कारैकाल गाठतील, आणि मनाईचा कागद तुम्ही तिण्णैवर बसून वाचा.' त्याने स्वतःच्या दोन मुलींची लग्नं तिथेच केली, हेही त्यानेच सांगितलं. हसत हसत सांगितलं.

नवऱ्यामुलालाही भेटलो. म्हातारा थेरडा असेल असं वाटत असेल तुला. छे! वैद्यनाथ. वीस वर्षांचा, कॉलेजात शिकतो, अंगावर खादी. परवा माझ्याकडेच फोटो काढायला आला, छातीवर चांदीचं पदक. कसलं पदक? वादविवादात पहिला आला, विषय 'स्त्रीशिक्षणाची आवश्यकता'. अय्यो, सरस्वती, तिथल्या तिथे त्याच्या डोक्यात कॅमेऱ्याची तिवई घालावी असं वाटलं. मी विचारलं, बाळ, नागी दहा वर्षांची आहे हे ठाऊक आहे ना? म्हणतो, 'वडिलांच्या शब्दाबाहेर कसा जाऊ? आणि लग्नानंतर मी तिला शिकवीनच की.' मग हनुवटी किती वर करू, ते विचारलं. त्याची हनुवटी मी नीट बसवून दिली. माझ्या हातांनी.

त्याचे वडील तंजावरचे शिरस्तेदार, नरसिंहराव. आता पेन्शनीत. सोवळं इतकं कडक की परक्याच्या विहिरीचं पाणी पायावरही घेत नाहीत. अशा घरात पोर देतोय म्हणून अण्णा छाती काढून फिरतो. अठ्ठावीस तारखेला ते निश्चयाचा विडा घ्यायला आपल्या घरी येणार.

आता एक गोष्ट लिहितो आणि मोकळा होतो. तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर महिन्याभरात अण्णाने तुझं घटश्राद्ध घातलं. दक्षिणेकडे तोंड करून पाण्याची घागर फोडली, आंघोळ केली आणि घरात जेवायला बसला. तू ह्या घराला मेलीस. एवढंच नाही, बाहेरगावच्या लोकांना सांगायला एक गोष्टही रचली: सरस्वती पटकीत गेली, आणि गेली ती नवऱ्याआधी, सवाष्ण. तुझा नवरा तिरुनेलवेलीचा, तिकडे जाऊन कोण विचारणार? आपल्या गल्लीला सगळं ठाऊक आहे. पण गल्लीतल्या प्रत्येक घरात अशी एकेक घागर फुटलेली आहे, म्हणून कुणी तोंड उघडत नाही.

माजघराच्या भिंतीवर, आजीशेजारी, तुझा लग्नातला फोटो टांगलाय. चंदनाचा हार आहे, शुक्रवारी कुंकू लावतात. नागी येता जाता नमस्कार करते. तो फोटो मी दिला. काच मीच बसवली. चौकट वाकडी होती, तीही सरळ केली.

झालं. आता सांग, हा माणूस लग्न मोडणार? मी फोटो काढतो, मला तेवढंच येतं. ते तरी करू दे.

अप्पा

---

कुंभकोणम्
ता. २४ मे १९३९

सरस्वती,

तुझं उत्तर नाही. ते आलं असतं तर त्यात काय लिहिलं असतंस याचा अंदाज करत मी आठ दिवस काढले. आज मात्र मला लिहायलाच हवं, कारण आज नागीने अंधारखोलीचं दार वाजवलं.

तुला ठाऊक आहे, आत लाल दिवा असतो, प्लेटी धुवायला टाकलेल्या असतात, दार उघडलं की उजेड शिरतो आणि सगळं मातीमोल. घरात सगळ्यांना लहानपणापासून ताकीद. ती बाहेरून म्हणाली, 'धाकटे आजोबा, एक विचारू?' रडवेली वाटली. मी उघडलं. दोन प्लेटी गेल्या, काळ्याकुट्ट झाल्या. दार उघडायला किती वेळ लागला म्हणशील? कडी वर आणि मागे. एवढंच.

मी नाचियार्कोविलला नव्हतो, सरस्वती. मी घरात होतो. अंधारखोलीत.

तुझा नवरा तापाने गेल्याची तार येऊन दहा दिवस झाले होते. मागच्या दारी न्हावी येऊन बसला होता, मला त्याच्या वाटीचा आवाजसुद्धा ऐकू आला. तू पळत आलीस आणि दारावर थापा मारल्यास. 'अप्पा, दार उघडा. अप्पा, मी आत बसते, मी काही हलवणार नाही.' किती वेळा म्हणालीस ते मला ठाऊक आहे. मी हातात प्लेट धरून उभा होतो. समयांचीच प्लेट होती. मी मनात म्हटलं, उजेड शिरेल. मग म्हटलं, एवढी धुवून झाली की उघडतो. मग तुझा आवाज थांबला.

कुंपणावरून उडी मारून मिशनशाळेच्या बाईंकडे गेलीस म्हणून वाचलीस. माझ्यामुळे नाही. प्लेट उत्तम आली होती. छापूनही आली, त्या चार पानांत.

शिसारी येते मला. लोकांची येते असं सतरा वर्षं म्हणत आलो. ती म्हातारी ओंजळ धरून उभी होती, माझ्या हातात तांब्या होता, आणि मी तांब्या खाली ठेवून कॅमेरा उघडला. हे कधी कुणाला सांगितलं नाही.

नागीला काय विचारायचं होतं ठाऊक आहे? 'लग्नात रडलं की फोटो बिघडतो का?' तिच्या आईने, धनलक्ष्मीने, तसं सांगितलंय. मी म्हटलं, नाही बिघडत. आणि लगेच तोंड कडू झालं. कारण पहिल्या पत्रात तुला एक थाप मारली आहे. गुरुमूर्तीने तुझं रडतं चित्र गोड करून छापलं, असा मी कांगावा केला. त्याने काहीच केलं नव्हतं. तू मांडवात सकाळपासून रडत होतीस, गाल ओले, नाक लाल. आजी म्हणाली, असला फोटो भिंतीवर लावायचा का? मी भिंगाखाली प्लेट धरून बारीक पेन्सिलीने तुझ्या गालांवरची ओल भरली. ओठांची टोकं किंचित वर केली. दोन दिवस बसलो होतो. हात चांगला चालत होता, म्हणून खूशही होतो. आणि मद्रासला पाठवली ती प्रत त्याच प्लेटीवरून निघाली. रडणारी पोर आता कुठेच नाही, मीच पुसली. पुण्याच्या बाईला गोड वाटलीस ती माझी पेन्सिल होती.

गुरुमूर्तीचं पत्रही आलंय. कारैकालचं मी त्याला कळवलं होतं. हल्ली वारं बदललंय, आता त्याला असलं हवं आहे. लिहितो: 'राव, मुलगी जवळून घ्या. अश्रू स्पष्ट दिसले पाहिजेत. पूर्ण पान देतो, या खेपेला तुमच्या नावासकट.' सतरा वर्षं ह्या ओळीची वाट पाहिली. वाचली आणि अंगणात जाऊन खरंच ओकलो. अतिशयोक्ती करत नाही, मोलकरणीने पाणी टाकलं.

अठ्ठावीसला शिरस्तेदार येतात. मी काय करीन ते मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही. वचन देऊन मोडण्यापेक्षा न दिलेलं बरं.

अप्पा

---

कुंभकोणम्, विठ्ठलाच्या मठातून
ता. ३० मे १९३९

सरस्वती,

लग्न मोडलं.

वरचा पत्ता बघून ओळखलंच असशील. अण्णाने मला घराबाहेर काढलं. मठाच्या ओसरीवर बसून लिहितोय, बाजूला कॅमेरा, तिवई आणि एक धोतर. प्लेटी अण्णाच्या घरी राहिल्या. राहू देत.

रविवारी तिसऱ्या प्रहरी शिरस्तेदार आले. ते, त्यांची बायको कामाक्षीबाई, पदकवाला वैद्यनाथ, आणि दोन म्हातारे भाऊबंद. अण्णाने नवे जमखाने अंथरले होते, कोवळ्या पानांच्या चवडी, केळीचे घड, सगळं थाटात. मला सांगून ठेवलेलं, विडा हातात देताना फोटो घ्यायचा. मी कोपऱ्यात तिवई उभी केली, डोक्यावर काळं कापड घेतलं. प्लेट घातली नव्हती. का नाही घातली ते विचारशील तर तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

नागीला आणून बसवलं. जरीचा परकर, केसांत वेणी इतकी जड की मान मागे जात होती. भटजींनी पत्रिका उघडली. तेवढ्यात कामाक्षीबाईंचं लक्ष भिंतीकडे गेलं. 'ही कोण?'

अण्णा म्हणाला, 'आमची सरस्वती. ह्याची मुलगी. पटकीत गेली, पोर.'

'अरेरे. नवरा असताना?'

'हो, हो. सवाष्ण गेली.'

कामाक्षीबाईंनी हात जोडले. 'भाग्याची!' म्हणाल्या. 'असं मरण मागून मिळत नाही.' आणि नागीकडे वळून, अगदी मायेने हो, म्हणाल्या, 'आत्याला नमस्कार कर. तिच्यासारखं भाग्य माग.'

नागी उठली. हात जोडून तुझ्या फोटोसमोर उभी राहिली आणि डोळे मिटून मागायला लागली.

मी कापड फेकलं. म्हटलं, 'ती मेलेली नाही.'

अण्णा म्हणाला, 'सेतू, गप्प बस.' मग पाहुण्यांना, 'दुःखाने ह्याचं डोकं जरा...'

'डोकं ठिकाणावर आहे माझं,' मी म्हटलं. 'माझी मुलगी जिवंत आहे. पुण्यात आहे. वसतिगृहात राहून शिकते आहे. तिचा नवरा मेला, चार वर्षं झाली. ह्या घरात न्हावी बोलावला होता, तेव्हा ती पळाली. आम्ही तिला मेली म्हणून सांगतो, कारण आम्हाला लाज वाटते. तिची नाही, खोटं बोलतोय, तिचीच वाटत होती. आता माझी वाटते.'

मला वाटलं होतं, निदान कुणीतरी अण्णाला विचारेल, तू खोटं का बोललास. किंवा मला विचारेल, मग तू चार वर्षं काय करत होतास. शिरस्तेदारांनी एकच प्रश्न विचारला, तोही अगदी हळू, कोर्टात विचारतात तसा. 'केस आहेत?'

'आहेत,' मी म्हटलं. 'कमरेपर्यंत.'

तुझे केस आता केवढे आहेत मला काय ठाऊक! दिलं ठोकून. वाटलं, पावशेर केसांनी काम होत नसेल तर शेरभर असू देत.

ते उठले. सगळेच उठले, जमखान्यावर विंचू निघाल्यासारखे. कामाक्षीबाईंनी तोंडातला विडा ओंजळीत थुंकला आणि 'शिव शिव' करत टाकायला जागा शोधत राहिल्या. एक म्हातारा भटजींना विचारू लागला, इथलं पाणी प्यालो, नुसतं स्नान पुरेल की पंचगव्य घ्यावं? वैद्यनाथ माझ्याकडे बघत होता. मग त्याने उपरणं झटकलं आणि बापामागून निघून गेला.

पोर दहा वर्षांची आहे, हे त्या खोलीत एकाच्याही मनात आलं नाही, सरस्वती. कायद्याने जे झालं नसतं, दयेने जे झालं नाही, ते तुझ्या केसांच्या किळसेने झालं. त्यांच्या घाणीनेच ती पोर वाचली. मला आनंद व्हायला हवा होता. मला हात धुवावेसे वाटले.

दार लागल्यावर अण्णाने मला मारलं. साठीचा भाऊ पन्नाशीच्या भावाला मारतो म्हणजे काय, धापा टाकत चार थपडा. मग रडला. म्हणाला, 'तू मला मेलास. तुझीही घागर फोडतो.' मी म्हटलं, 'मजबूत बघून आण, मी सहज फुटायचा नाही.' बोलायला नको होतं. पण जिभेला हाड नाही. निघताना भिंतीवरून तुझा फोटो काढला आणि काच फोडून आतला कागद फाडला. पेन्सिलीचंच काम होतं ते, तू नव्हतीसच त्यात.

गुरुमूर्तीला काही लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.

आता मुद्द्याचं. काल दुपारी धनलक्ष्मी मठात आली, भजनाच्या निमित्ताने. बरोबर नागी आणि एक पत्र्याची ट्रंक. जानकीराम गल्लीच्या तोंडाशी आमच्याकडे पाठ करून उभा होता, पहारा देत. बापासमोर तोंडातून शब्द न काढणारा जानकीराम. धनलक्ष्मी म्हणाली, 'धाकटे मामंजी, आता हिला ह्या गावात कुणी करणार नाही. थोरले मामंजी म्हणतात, मग लांबचं बघू, बिजवर असला तरी चालेल, आषाढाच्या आत उरकू. त्याच्या आत हिला वन्संकडे पोचवा.' मी म्हटलं, सरस्वतीने हिला ठेवून घेईन असं कुठे म्हटलंय? ती म्हणाली, 'वन्संनी मोडा म्हटलं ना? मग मोडलेलं कुठे ठेवायचं तेही त्याच सांगतील.' बघ, घरात कार्डं कोण वाचत होतं ते.

गुरुवारच्या गाडीने निघतो. मद्रासला गाडी बदलून शनिवारी पुण्याला पोचू. स्टेशनवर ये. मला बघायचं नसेल तर बघू नकोस, तिचा हात धर आणि चालू लाग, मी ट्रंक हमालाकडे देऊन परतीच्या गाडीत बसेन. क्षमा मागत नाही. मागितली तर तुला द्यावीशी वाटेल की काय, ह्याची भीती वाटते.

तिला तमिळ आणि आपली मराठी येते. तूप आवडतं. अंधाराला भिते. जरीचा परकर गेला म्हणून माझ्यावर फुरंगटून बसली आहे, त्याखेरीज तिला काही दुःख नाही. पण आई परत जायला निघाली तेव्हा तिने मला एक विचारलं, ते तुला सांगून ठेवतो, कारण तुझ्याकडे आल्यावर तुलाही विचारेल.

म्हणाली, 'सरस्वती आत्या मेली आणि पुण्याला गेली ना?'

मी म्हटलं, 'हो.' काय सांगणार?

तिने जरा विचार केला. 'मग मी कधी मेले?'

काल दुपारी, असं मी सांगितलं. तिने मान डोलावली, आईला टाटा केला आणि जाऊन ट्रंकेवर बसली.

अप्पा